गाडीत विचारायचं नाही

मला काय झालं, ते मी इथं सांगणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच शेवटपर्यंत वाट बघत बसायला नको. मी व्हीलचेअरवर असते, एवढं पुरे.

सांगून सांगून तोंड दुखलंय माझं. गुलमंडीत साडीला फॉल बघत होते, तर शेजारची बाई, जन्मात कधी न पाहिलेली, हातातल्या पिशव्या खाली ठेवून विचारती झाली, काय झालं हो? लिफ्टमध्ये वरचा मजला येईपर्यंत लोकांना अख्खी कथा हवी असते. लग्नकार्यात तर नवरानवरीपेक्षा माझ्याभोवती जास्त गर्दी. ऐकून झालं की च्च च्च करायचं, कुठल्या तरी बाबाचं तेल सुचवायचं आणि जेवायला पळायचं. एकदा सिग्नलला एका गृहस्थांना मी सांगितलं की हत्तीवरून पडले. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, कुठं? मी काय बोलणार, कप्पाळ!

आमचं घराणं तसं सरळमार्गी. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून, मी विम्याच्या ऑफिसात. घर सिडकोत, ऑफिस क्रांती चौकाच्या अलीकडं. माझं हे असं झाल्यावर ऑफिसनं सांभाळून घेतलं, पण जाण्यायेण्याचं काय? रिक्षावाले लांबून खुर्ची बघूनच मान फिरवायचे. थांबलाच एखादा, तर खुर्ची घडी करून मला सामानासारखं आत कोंबायचा, आणि रस्ताभर तोच प्रश्न. मी घरीच बसले मग. बराच काळ बसले. ह्यांनी सुचवलेलं घरून काम वगैरे करून पाहिलं, पण भिंतींशी भांडणं व्हायला लागली.

मग त्या गाडीचं कळलं. एका संस्थेनं चालवलेली, आमच्यासारख्यांना घेऊन फिरणारी सामायिक व्हॅन. मागचं दार उघडलं की उतरता पत्रा खाली येतो, त्यावरून खुर्ची थेट आत. आत दोन खुर्च्या पट्ट्यांनी जखडायची सोय आणि पुढं तीन साध्या सीटा. चार घरचे चार जण गोळा करत गाडी शहरात यायची, ज्याला त्याला उतरवायची. शेवटचा थांबा मोठा सरकारी दवाखाना.

पहिल्या दिवशी मी चढले तेव्हा दोन माणसं आधीच आत होती. पुढं काळा चष्मा लावलेले एक मास्तर, औरंगपुऱ्यात पोरांना तबला शिकवणारे. मागं खिडकीशी जखडलेल्या खुर्चीत एक म्हातारी, डोक्यावर घट्ट पदर, कपाळावर गोंदण, उजवा पाय गुडघ्याखाली नाही. मी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं. नेहमीचं, आखूड, पुढचा प्रश्न मारून टाकणारं. कुणी विचारलंच नाही! मास्तर म्हणाले, आज धुकं आहे का हो, गार लागतंय. म्हातारी म्हणाली, बाई, पदर चाकात जाईल, आवरा. बास. आकाशवाणी चौक गेला, मोंढा नाका गेला. माझं तयार उत्तर तोंडातच राहिलं. मला इतका धक्का बसला की उतरताना मीच ड्रायव्हरला विचारलं, यांना कुणी सांगून ठेवलंय का माझ्याबद्दल?

ड्रायव्हर खुलताबादचा. दखनी बोलणारा, तेही बेतानं. पट्ट्या सोडता सोडता म्हणाला, “मॅडम, इस गाडी में कोई किसी कू पूछता नै. क्या हुआ नै, कां जाते नै. गाडी के भार सब पूछतेच ना.”

हा नियम कुणी केला, कधी केला, त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या आधीपासून चालत आला होता म्हणे. मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं आणि सांगताना मला रडू आलं. हे घाबरले, म्हणाले गाडीत काही झालं का? म्हटलं, काहीच झालं नाही, तेच तर.

तर त्या म्हातारीला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्या चिकलठाण्याच्या पुढून बसायच्या, थोरल्या मुलाच्या घरून. मुलगा शेंद्र्याला कंपनीत. धाकटा अजून मेंढरं राखणारा, करमाडच्या बाजूला. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरणारं घर ते. हे सगळं त्यांनीच आपणहून सांगितलेलं. आपणहून सांगायला बंदी नव्हती, विचारायला होती.

मावशी गाडीत कधी गप्प नसायच्या आणि खिडकीवरची नजर कधी काढायच्या नाहीत. जालना रोडच्या दुभाजकावरचं गवत बघून त्यांचा जीव तुटायचा. “लई वाया चाललंय,” म्हणायच्या. मी चढायच्या आधी लागणाऱ्या विमानतळाच्या कुंपणाआतलं रान आठवून तर त्यांना राग यायचा, एवढं माळरान अन् एक शेळी नाय! शहर म्हणून मी जे बघत होते, ते त्यांच्या लेखी नुसती अडवलेली कुरणं होती. एकदा म्हणाल्या, ही अशी गाडी आमच्यात पूर्वीपास्नं हाय. मला वाटलं, थट्टा करताहेत. तर म्हणाल्या, वाटंत मेंढी व्याली की कोकराला लगेच चालता येतं व्हय? त्याला घोड्यावरच्या जाळीत घालायचं. लंगडं झालेलं जाळीत, आजारी जाळीत. आता घोडं गेलं, छोटा टेम्पो आला, पण त्येच. कळप निघाला म्हंजी सगळ्यांनी निघायचं, ज्याला चालता येत नाय त्यानं बसून निघायचं.

मास्तर हसून म्हणाले, म्हणजे आपण कोकरं. मावशी म्हणाल्या, तुम्ही बोकड.

असं चालायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मावशी असायच्या, आणि ते दिवस मला बरे जायचे. मंगळवारी गाडी निव्वळ गाडी वाटायची. आणखी एक सांगायला हवं, कारण पुढं त्याचाच घोळ आहे. मागून शेवटी चढलेली खुर्ची आधी उतरवावी लागते, नाहीतर आतली निघत नाही. मी शेवटी चढायचे, म्हणून आधी उतरायचे. मावशींना उतरताना मी कधी पाहिलंच नाही. शेवटचा थांबा दवाखाना, आठवड्यातून तीन फेऱ्या, पायाचं तसं. मी आपलं धरून चालले की ड्रेसिंग असेल, नाहीतर आणखी काही. विचारायचा प्रश्नच नव्हता. न विचारण्याचा तर मला अभिमान वाटत होता.

दिवाळीच्या आधी एका सोमवारी संस्थेतली ताई गाडीत येऊन बसली. पंचविशीतली पोर, सलवार कमीज, चेहरा दमलेला, वागायला अगदी गोड. म्हणाली, मागणी फार वाढलीये, गाडी एकच आहे, म्हणून प्रत्येकाशी बोलून घ्यायचंय. पाच मिनिटं घेते हं तुमची. आणि तिनं सुरुवात केली. काय झालं? कधीपासून? कुठं जाता? कशासाठी?

सगळ्यांसमोर. चालत्या गाडीत. आरशात ड्रायव्हरचा चेहरा मला दिसला, कुणीतरी मशिदीत चपला घालून शिरावं तसा झाला होता. मास्तरांनी खाली मान घालून सांगितलं. त्यांचे डोळे कशानं गेले ते मला इतक्या महिन्यांनी असं, तिसऱ्याच माणसाला सांगताना कळलं. मी कानावर हात ठेवायला हवे होते, पण ऐकलं. मग माझी पाळी. मीही सांगितलं. आवाज चढवून, फटाफटा. मास्तरांनी मान दुसरीकडं वळवली. एवढंच त्यांना करता येत होतं.

मग मावशी. पायाचं त्यांनी सांगितलं, कोरडं, हिशोब दिल्यासारखं. ते मी इथं लिहीत नाही. ताईनं विचारलं, दवाखान्यात कुठल्या विभागात जाता तुम्ही, मावशी?

“दवाखान्यात नाय जात म्या.”

ताईला वाटलं, आजीला प्रश्न कळला नाही. तिनं आवाज मोठा केला. “मग उतरता कुठं?”

“कुटंच नाय,” मावशी म्हणाल्या. “म्या उतरतच नाय.”

लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली. माझी चाकाखालची सरकली. मावशींनी शांतपणे सांगितलं, की पहिल्यांदा ड्रेसिंगसाठीच यायच्या, ते खरं. जखम भरली. डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाय. पण गाडी दाराशी यायची ती येतच राहिली. मग त्या बसत राहिल्या. सगळ्यांना सोडून गाडी दवाखान्यापाशी पोचली की ड्रायव्हर दुसऱ्या फेरीला निघायचा, हर्सूलकडं, तिकडून पडेगावाकडं, आणि दुपारी फिरत फिरत मावशींना घरी सोडायचा. तोपर्यंत मावशी खिडकीशी. पाणी प्यायलासुद्धा उतरायच्या नाहीत.

“सारं आयुक्ष फिरून काढलं,” त्या ताईला म्हणाल्या. “आता घरात भिंत दिसती. हितं रस्ता दिसतो.”

मी ड्रायव्हरकडं बघितलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“हौ,” तो म्हणाला, आणि सिग्नल सुटला नसतानाही समोर बघत राहिला.

मला आधी कुणाचा राग आला सांगू? मावशींचा. लाज वाटते, पण खरं तेच. मी विम्यातली बाई. खोटे दावे हुंगायची सवय नाकाला लागलेली. माझ्या डोक्यात एकच, अहो, खुर्ची बांधायची जागा सोन्याच्या मोलाची, आणि ह्या नुसत्या फिरतात? तेवढ्यात ताई म्हणाली, तिच्या त्या गोड आवाजात, की मावशी, असं चालणार नाही ना. हर्सूलची एक मुलगी आहे, खुर्चीवर आहे, कॉलेजला प्रवेश मिळालाय तिला. रोज सकाळी गाडीत खुर्चीची एक जागा मिळत नाही म्हणून घरी बसलीये. गाडी गरजेसाठी आहे, दवाखाना, शिक्षण, नोकरी. तिला पायपीट... ताई मध्येच थांबली. शब्द चुकला हे तिच्या लक्षात आलं.

आणि माझं डोकं सटकलं. आता राग वळला तो ताईवर, म्हणजे खरं तर कुणावर ते मलाही कळत नव्हतं. मी म्हटलं, संध्याकाळी कॅनॉटच्या बाजारात जाऊन बघ. अख्खं शहर उतरलेलं असतं, पाणीपुरी खातं, चकरा मारतं, दुकानांच्या काचा बघतं. त्यांना कुणी अडवून विचारतं का, कशासाठी आलात? पाय आहेत म्हणून त्यांना उगाच फिरायची मुभा, आणि आम्ही घराबाहेर पडायचं ते आजारी पडलो तर, नाहीतर कुणाच्या कामाला आलो तर! मला माझाच आवाज अनोळखी वाटत होता. हे मी कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. मी स्वतः ऑफिसशिवाय कुठं गेले होते त्या गाडीतून? कुठंच नाही. मला तसं जाता येईल असं सुचलंही नव्हतं.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, मला कळतंय हो, पण जागा दोनच आहेत, मी काय करू? तिचंही चूक नव्हतं. तेच तर वाईट. दोन पट्ट्या, दोन खुर्च्या, आणि समोर कॉलेजची पोरगी.

भांडण मावशींनी मिटवलं. खिडकीवरची नजर न काढता म्हणाल्या, “द्या त्या पोरीला. तिला जायाचं हाय.”

मी क्रांती चौकात उतरले तेव्हा नीट निरोपही घेतला नाही. वाटलं, बुधवारी बोलू. बुधवारी त्यांच्या खिडकीशी ती मुलगी होती.

गाडीनं आता उलटा फेरा धरला होता, आधी हर्सूल, मग मास्तर, मग मी. मला त्या मुलीचा राग करायचा होता, पण जमलं नाही. मांडीवर डबा, डब्यावर पुस्तकं, केसांना चापूनचोपून तेल. घाबरलेली, तिनंही उत्तर तयार ठेवलेलं. कुणी काही विचारलं नाही, तेव्हा तिनं आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं पाहिलं. मी म्हटलं, ओढणी आवर गं, चाकात जाईल.

पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुभाजकावर माळी गवत कापत होते आणि मला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, बघा, वाया चाललंय. दिवाळी झाली. फराळाचा डबा भरून मी संस्थेत फोन लावला, म्हटलं रविवारी गाडी द्या, दुपारी मोकळीच असते, चिकलठाण्यापुढं जायचंय. ताईनंच उचलला. कशासाठी, तिनं विचारलं. भेटायला. ती हळूच म्हणाली, भेटायला नाही हो देता येत.

मी फोन हातात धरून बसले. मावशींना भेटायला जायचं, तर मला आजारी तरी पडायला हवं किंवा त्यांचा विमा तरी उतरवायला हवा. ह्यांची बदली झालेली, त्या रविवारी ते येणार नव्हते. रिक्षावाल्यांचं तर सांगितलंच. पाचसहा मैलांवर माणूस आणि मला जाता येईना! भिंतीकडं बघत बसले. ‘भिंत दिसती’ म्हणजे काय ते मला त्या दुपारी समजलं, आणि समजल्यावर भीतीच वाटली. ती बाई तिथं खोलीत बसून असणार. किती दिवस काढेल?

शेवटी ड्रायव्हरकडून त्यांच्या थोरल्या मुलाचा नंबर घेतला. सोमवारी सकाळी गाडीत बसल्या बसल्या लावला. ओळख सांगितली, म्हटलं, मावशी बऱ्या आहेत ना? पलीकडं कंपनीची घरघर आणि त्या माणसाचा गोंधळलेला आवाज.

“आई गेली.”

मास्तरांना काय ऐकू गेलं कोण जाणे, त्यांनी मान वर केली. तो मुलगा बोलतच होता, आणि मला कितीतरी वेळ नुसते शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. आई गेली मॅडम, ऐकतच नव्हती, आम्ही लई सांगितलं, गोळ्याबिळ्या बांधून दिल्यात, बारका हाय संगं. बारका संगं म्हणजे? मी ओरडलेच. “अहो, गेली म्हणजे कुठं गेली?”

“मेंढरामागं,” तो म्हणाला. “पैठणच्या अंगाला.”

धाकट्याचा कळप दरवर्षी दिवाळीनंतर गोदावरीच्या अंगाला उतरतो. यंदा निघायच्या दिवशी मावशींनी थोरल्याला करमाडला सोडायला लावलं होतं, नातवंडांना बघायचंय म्हणून. तिथं पोचल्या आणि टेम्पोकडं बोट केलं. कोकरांच्यात बसवा मला. सून रडली, लेक चिडला, शेजारपाजाऱ्यांनी बोल लावले की म्हातारीला रानात फिरवता, जनाची नाय मनाची तरी. मावशी खुर्चीवरून हलेनात. टेम्पोच्या फळीला दोरानं खुर्ची जखडून घेतली त्यांनी, चारी बाजूंनी, आमच्या ड्रायव्हरकडून बघून ठेवलेलं तसं. आई पडायची नाय, तेवढी काळजी नका करू, मुलगा मलाच धीर देत होता.

मी हसत होते की रडत होते, देव जाणे. त्यानं धाकट्याचा नंबर दिला. तो लावला. बराच वेळ वाजला. मग एकदम कानात मेंढ्यांचा कल्लोळ, वारा, कुणीतरी हाळी देतंय, आणि त्या सगळ्यातून मावशी. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. आम्ही जायकवाडीच्या कडेला हाये म्हणाल्या, पाणी उतरलंय, गवत लई. मांडीवर दोन पिल्लं हायेत म्हणाल्या, कालची. मुतत्यात लुगड्यावर. त्यांच्या आवाजात जो कुर्रा होता, तो आमच्या गाडीत मी कधी ऐकला नव्हता.

मग म्हणाल्या, “बाई, तुम्ही बी या की हिकडं.”

“कशाला?” मी म्हटलं.

माझ्या तोंडून निघून गेलं. ताईसमोर एवढी तावातावानं भांडलेली मी, आणि आतून बाहेर आलं ते हेच. मला माझ्याच जिभेचा धक्का बसला. मेंढ्या तेवढ्या ओरडत होत्या. मग मावशी हसल्या, आणि त्यांना कुणीतरी हाक मारली, आणि फोन बंद झाला.

क्रांती चौक आला होता. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं, पत्रा खाली सोडला, माझ्या पट्ट्या काढल्या आणि उभा राहिला. मास्तर, ती मुलगी, दोघं माझ्याकडं कान लावून बसलेली, हे मला कळत होतं. कुणाचा फोन, कोण गेलं, कुठं गेलं, कुणीसुद्धा विचारलं नाही.

“पैठणला किती वेळ लागतो हो?” मी ड्रायव्हरला विचारलं.

त्यानं सांगितलं. कशाला, ते विचारलं नाही.